बचतीचा बैल

२ मे, शुक्रवार वागे

पहाटेच्या नमाजानंतर निश्चय केला: रोजनिशी ठेवायची. ज्याला दुसऱ्याचा खर्च आवरायचा आहे त्याने आधी स्वतःचं मन आवरावं.

तारखेपुढे वार आणि वारापुढे बाजारवार लिहायची सवय वडिलांची. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, की पुन्हा लेगी. गावच्या शाळेत पाढ्यांच्या आधी हे पाठ करून घेत. सात वारांचा आठवडा सरकारचा, पाच वारांचा बाजाराचा. ऑफिसच्या कामात याचा काडीचा उपयोग नाही. पण हात लिहितो, लिहू द्यावं.

मुख्य गोष्ट. सकाळी मालकीणबाईंचा, म्हणजे बू हस्तुतींचा, जकार्ताहून फोन. कंपनीचं क्लाउडचं बिल फार वाढलं आहे. आमचं ‘राजाकाया’ अ‍ॅप गुरं विकणाऱ्या-घेणाऱ्यांचं: भाव बघा, गुरांच्या डॉक्टरचा दाखला बघा, पैसे द्या, टेम्पो बोलवा. हे ज्या सर्व्हरांवर चालतं ते आमचे नाहीत, भाड्याचे आहेत. लग्नातल्या खुर्च्यांसारखं. आधी सांगून ठेवल्या तर स्वस्त. पाहुणे दारात आल्यावर मागवल्या तर मंडपवाला म्हणेल तो भाव. बू हस्तुती म्हणाल्या, पाक पोनिदी (मला त्या ‘पाक’, म्हणजे ‘राव’, लावूनच बोलतात), आपण नेहमी पाहुणे आल्यावरच धावतो. आजपासून कुर्बानीच्या ईदच्या आदल्या दिवसापर्यंतचं बिल एक तृतीयांशाने खाली आणा. आणलंत, तर त्या बचतीतून तुमच्या गल्लीतल्या मशिदीला कंपनीतर्फे एक बैल. नाही आणलंत, तर नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाला इतकं सोपं आणि इतकं पुण्याचं काम एकदम मिळावं, ही वरच्याची कृपा.

संध्याकाळी मशिदीत सांगून टाकलं की यंदा बैल येतोय. आजवर आमच्या गल्लीत बकऱ्यांवरच भागलं. समितीचे हाजी रोफिक यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. घरी येऊन वारसितीला सांगितलं. तिने विचारलं, अहो, बिल कमी झालं? म्हटलं, होणारच आहे. म्हणाली, मग बैलही येणारच आहे म्हणायचं. येतोय कशाला म्हणालात?

बायकांना व्याकरणाची फार चिंता.

६ मे, मंगळवार पोन

माझा जन्मवार. मंगळवार आणि पोन पस्तीस दिवसांतून एकदा भेटतात. त्या दिवशी आई लाल-पांढरी खीर करायची, आता वारसिती करते. पोनला जन्मलो म्हणून पोनिदी. वडिलांनी नावावर फार डोकं चालवलं नसावं.

खीर झाकून ठेवलेली, गार. वारसिती पहाटेच तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, कुरकुरीत कापांची पोती घेऊन बाजाराला गेलेली. गुरांच्या मैदानाच्या फाटकाशी तिची जागा आहे. पोनला घरात गरम काही मिळत नाही हे मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच स्वीकारलं.

सकाळी सर्व्हर अपुरे पडले. ऐनवेळचे मागवावे लागले, महागातले. तियुर्माने आलेख दाखवला. तियुर्मा आमची इंजिनियर, मेदानकडची, बातक समाजाची. ते लोक मनात येईल ते तोंडावर बोलतात. आम्ही जावानी माणसं मनात येईल ते मनातच ठेवतो. आलेखावर आज एक सुळका, मागचे चार दिवस सपाट. मी डोळे मिटून बसलो. उत्तर आपोआप आलं. सोमवारी माणूस आळसात असतो, मंगळवारी कामाला लागतो. तियुर्मा म्हणाली, पाक, एका सुळक्यावरून? म्हटलं, सूर्यही एकच आहे, तरी आपण त्यावर भरवसा ठेवतो.

दर मंगळवारचे जादा सर्व्हर आधीच सांगून ठेवले. तीन महिन्यांचे एकदम घेतल्याने आणखी स्वस्त. रद्द करता येत नाहीत, पण रद्द कशाला करायचे?

९ मे, शुक्रवार लेगी

हाजी रोफिक यांनी विचारलं, बैल कोणत्या रंगाचा? म्हटलं, तुम्हाला कोणता आवडेल? तांबूस म्हणाले. वहीत तांबूस लिहून ठेवतो.

११ मे, रविवार पोन

सकाळी स्वयंपाकघरात काही नाही. केळं खाल्लं. ते संपायच्या आत तियुर्माचा फोन: सर्व्हर पुन्हा अपुरे, पुन्हा ऐनवेळचे. मी शांत राहिलो. अंगणात एक चक्कर मारली, पिंजऱ्यातल्या कबुतराकडे बघितलं, आणि उलगडलं. रविवारी माणसाला सवड असते. सवड असली की माणूस पडल्यापडल्या फोनवर काहीतरी बघतो. शहरातला गाड्या बघतो, आमच्याकडचा गाई बघतो. रविवारही घेतला. तीन महिन्यांचा.

तियुर्मा म्हणाली, मंगळवारचं काय? म्हटलं, मंगळवार आहेच. एका घराला दोन दारं असतात.

१३ मे, मंगळवार क्लिवोन

मंगळवारचे सगळे सर्व्हर पहाटेपासून तयार. कोणी आलं नाही. तियुर्मा दिवसभर गुणगुणत होती. संध्याकाळी म्हणाली, पाक, मांडव घातला, बँड बोलावला, नवरदेवच नाही. मी हसून घेतलं. लोकांना शिस्त लागायला वेळ लागतो.

घरी मात्र सकाळी गरम भात, वर तेंपेची झणझणीत चटणी. दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही.

१६ मे, शुक्रवार पोन

आज सुळका. आज कारण शोधावं लागलंच नाही. शुक्रवार! सध्या सगळ्या मशिदींत कुर्बानीवर प्रवचनं चालू आहेत. माणूस प्रवचन ऐकतो, त्याचं मन भरून येतं, तो बैलाचे भाव बघतो. मी स्वतः गेल्या शुक्रवारी रडलो होतो.

तियुर्माने काढलेली खोट: सुळका सकाळी सातचा, प्रवचन दुपारी बाराचं. ती ख्रिस्ती आहे, तिला समजावून सांगितलं की भक्ताचं मन आधीपासूनच ओढ घेत असतं. ती म्हणाली, पाक, तुमच्याशी वाद घालणं म्हणजे उशीला ठोसे मारणं. हे मी कौतुक समजतो. नम्रता आमच्या रक्तात आहे.

शुक्रवार घेतला.

रात्रीच्या जेवणात वारसितीने आणलेला मासा. बाजार छान झाला म्हणाली, पोती रिकामी. तिचा धंदा चालतो याचं मला समाधान आहे, पण तिच्याकडे नियोजन नाही. विचारलं, किती माल न्यायचा हे तू कसं ठरवतेस? म्हणाली, ठरवायचं काय त्यात, गर्दी असते त्या दिवशी जास्त नेते. इतका ढोबळ हिशेब. मी सुस्कारा सोडला.

१९ मे, सोमवार लेगी

उपवास. सोमवार-गुरुवार धरतो. उपवासात डोकं स्वच्छ चालतं, म्हणून आज क्लाउडच्या खर्चनियोजनाचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. एकूण बारा धडे. पहिल्या धड्याचं नाव ‘आपल्या गिऱ्हाइकाची लय ओळखा’. मी गुरं राखत वाढलेला माणूस, गिऱ्हाइकं ओळखीचीच. तो धडा सोडून थेट सातव्याकडे गेलो.

निश्चय: प्रमाणपत्र मिळालं की फ्रेम करून लावायचं. जागा बघून ठेवली, कॅलेंडरच्या वर.

२१ मे, बुधवार पोन

बुधवार.

बुधवारचं कारण अजून सापडलेलं नाही. बुधवार घेतला.

तियुर्मा म्हणाली, पाक, आता सोमवार, गुरुवार, शनिवार एवढेच राहिले. सगळा आठवडा ठोकच घेऊन टाका, डझनावर एक फुकट मिळेल. मग म्हणाली, महाग पडतंय ते दोन बाजूंनी: ज्या दिवशी सांगून ठेवतो त्या दिवशी कोणी येत नाही, आणि येतात त्या दिवशी आपल्याकडे खुर्ची नसते. कोणीतरी आपली थट्टा करतंय. मीही तेच म्हणतो. गावच्या जुन्या माणसांनी याला जागेचा त्रास म्हटलं असतं. मी शिकलेला आहे, तसं म्हणणार नाही. पण ऑफिसच्या उंबऱ्याशी फुलं आणि थोडा भात ठेवून आलो. कोणाचं नुकसान तर नाही.

२४ मे, शनिवार लेगी

उंबऱ्याचा गुण आला. तीन दिवस आलेख सपाट. तियुर्माला फुलांचं सांगितलं नाही. मात्र सांगून ठेवलेल्या रिकाम्या सर्व्हरांचं भाडं चालूच आहे, असं ती स्वतःहून म्हणाली.

२६ मे, सोमवार पोन

सुळका. फुलं सुकली होती.

उपवास असल्याने घरात न्याहारी नाही हे लक्षातही आलं नाही.

दुपारी बू हस्तुतींचा फोन. बिलाबद्दल अवाक्षर नाही. म्हणाल्या, पाक पोनिदी, तब्येत बरी आहे ना? झोप लागते? मुलं काय म्हणतात? केवढं मोठं मन. तियुर्मा स्पीकरवर ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, पाक, तुम्हाला खरमरीत झापलं त्यांनी. म्हटलं, कुठे? त्यांनी तर झोपेची चौकशी केली. म्हणाली, मी मेदानची असून मला कळलं, तुम्ही जावाचे असून तुम्हाला कळलं नाही?

मेदानच्या लोकांना सगळीकडे भांडण ऐकू येतं.

सोमवार घेतला.

२९ मे, गुरुवार लेगी

मशिदीबाहेर फलक लागला: ‘यंदा बैल’. त्याखाली तांबड्या बैलाचं चित्र, त्याखाली कंपनीचं नाव, त्याखाली माझं. हाजी रोफिक यांनी जाड दोर विकत आणला आहे आणि मांसाचे वाटे कसे करायचे याची सभाही घेतली. समोरच्या आजीबाईंनी मला थांबवून सांगितलं की त्यांना नळीचं हाड हवं. इतकी वर्षं बकऱ्यात नळी ती किती असणार.

घरी येऊन हिशेब मांडला. सात वारांपैकी पाच घेऊन झाले आहेत. बचत अजून सुरू व्हायची आहे. पण बैल कुठेतरी नक्कीच आहे, आणि तो या क्षणी गवत खातो आहे, या विचाराने बरं वाटलं.

३१ मे, शनिवार पोन

शनिवार. सगळ्यांत मोठा सुळका.

ऐनवेळचे सर्व्हर मागवताना तियुर्माने माझ्याकडे पाहिलंही नाही. केळी संपली होती. वारसिती आज काळोख असतानाच गेली, ईद जवळ आली म्हणाली, दुप्पट पोती.

बिल ठरलेल्या आकड्याच्या आत ठेवायला आता अगदी थोडी जागा उरली आहे. ईदच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे गुरुवारपर्यंत, जेमतेम साधेच दिवस निघतील. सुळका एकही परवडणार नाही.

दुपारच्या नमाजात मन लागलं नाही. नजरेसमोर चित्रातला बैल.

२ जून, सोमवार क्लिवोन

उपवास. उत्तर मिळालं. इतके दिवस मी वार शोधत बसलो, हीच चूक. गिऱ्हाइकाला आवरता येत नाही, स्वतःला येतं. मर्यादा! बिल ठरलेल्या आकड्याला पोचलं की सगळे सर्व्हर आपोआप बंद. मग उद्दिष्ट चुकणार कसं? उपवासाचंच तत्त्व आहे: भूक लागली तरी तोंड बंद.

बू हस्तुतींना कळवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्हाला खात्री असेल तर चालेल. बैलाचे पैसे अ‍ॅपमधल्या कंपनीच्या खात्यात ठेवते, गुरुवारी सकाळी बाजारात जाऊन आपल्याच अ‍ॅपवरून खरेदी करा, फोटो काढा, जाहिरातही होईल.

दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत.

३ जून, मंगळवार लेगी

तियुर्माने मर्यादा बसवली, पण आधी तीनदा विचारलं. विचारलं, भर व्यवहारात बंद पडलं तर? म्हटलं, आकड्यात अजून जागा आहे. विचारलं, लगेच उघडायची सोय ठेवू? म्हटलं, मुळीच नको. मी मला ओळखतो, कोणी रडत आलं की मी मऊ होतो. उघडायला माझीच परवानगी लागावी, आणि परवानगी दिल्यावरही चोवीस तास थांबावं लागावं. विचारलं, लोकांना काय दिसेल? तो मजकूर मी स्वतः लिहून दिला: ‘खर्चाची मर्यादा पूर्ण झाली आहे. कृपया धीर धरा. मोह क्षणाचा असतो.’

तियुर्माने तो मोठ्याने वाचला. म्हणाली, पाक, हे बैल विकणाऱ्याला दाखवायचं? म्हटलं, त्याला जास्त गरज आहे.

४ जून, बुधवार पाहिंग

मन शांत. आलेख सपाट. बुधवारचे सांगून ठेवलेले सर्व्हर रिकामे उभे, पण आता त्याचंही काही वाटत नाही.

उद्या अराफाचा उपवास. ईदच्या आदल्या दिवशी माणसं घरात बसतात, नामस्मरण करतात, फोनला हात लावत नाहीत. माझ्या अंदाजाने उद्याचा गुरुवार वर्षातला सर्वांत शांत दिवस. हे वाक्य तियुर्मालाही लिहून पाठवलं. उत्तरात तिने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं.

वारसितीला म्हटलं, उद्या बैल आणायला मी आणि हाजी रोफिक जातोय, बाजार मोकळा असेल, आरामात निवडता येईल. म्हणाली, उद्या? अहो, उद्या पोन. आणि ईदच्या आधीचा. पाय ठेवायला जागा नसते. म्हटलं, उपवासाचा दिवस आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

उद्याच्या पुण्याचं तेज आदल्या दिवशीच चेहऱ्यावर येत असावं.

५ जून, गुरुवार पोन

हात दुखतो आहे, दोराने सोलला आहे. पण लिहिलं पाहिजे.

मोटरसायकलवर मागे हाजी रोफिक, त्यांच्या मांडीवर दोर. बाजाराच्या दोन वळणं आधीच रस्ता भरलेला. गाई, बकऱ्या, मेंढ्या, ट्रक, टेम्पो, आणि इतकी माणसं की मला वाटलं, सगळी मध्य जावा इथेच उपवास सोडणार आहे. हाजी रोफिक म्हणाले, शांत दिवस ना, पोनिदी? म्हटलं, ही मंडळी लवकर उरकून घरी जातील.

बैल लगेच सापडला. तांबूस. डोळे असे की ज्याने आयुष्यात कधी घाई केली नाही. कास्दी नावाचा दलाल, तोंडात न पेटवलेली सिगारेट, कारण उपवास. भाव ठरायला अर्धा तास. हाजी रोफिक यांनी बैलाचे दात बघितले, कास्दीने हाजींचे. शेवटी हातावर हात पडला. मी फोन काढला. फोटोसाठी बैलाशेजारी उभा राहिलो. अ‍ॅप उघडलं.

‘खर्चाची मर्यादा पूर्ण झाली आहे. कृपया धीर धरा. मोह क्षणाचा असतो.’

मला वाटलं, फक्त माझ्या फोनवर. मग शेजारच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने वाचलं, मोह क्षणाचा असतो. मग पलीकडून कोणी वाचलं. मग मैदानभर. बकरीवाले बकऱ्यांना वाचून दाखवू लागले. एक जण म्हणाला, हे कोणत्या हाजीने लिहिलंय? हाजी रोफिक माझ्याकडे बघत होते. कास्दी म्हणाला, तुमच्या अ‍ॅपनेही अराफाचा उपवास धरला वाटतं. किती वाजता सोडतं ते?

तियुर्माला फोन केला. म्हटलं, उघड. म्हणाली, उघडता येतं फक्त तुम्हाला, आणि उघडणार उद्या. पाक, मी तीनदा विचारलं होतं. म्हटलं, चौथ्यांदा का नाही विचारलंस? ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मी परवानगी दिली आणि चोवीस तास सुरू झाले.

एक मात्र पाहिलं. बाजार क्षणभरही थांबला नाही. सगळ्यांनी फोन लुंगीत खोचले आणि पुन्हा दात बघायला लागले.

पैसे अ‍ॅपमध्ये अडकलेले. हाजी रोफिक दोराची गुंडाळी करत म्हणाले, फलक आज उतरवू की उद्या पहाटे? हे त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. मी कास्दीला म्हटलं, माझी मोटरसायकल ठेव, बैल दे, पैसे उद्या येतील. त्याने मोटरसायकलचेही दात बघावेत तशी ती सगळीकडून बघितली. म्हणाला, बैल न्या, पैसे आले की गाडी बाजारातच परत देईन. टेम्पो बोलवायचे तेही आमच्याच अ‍ॅपवरून. हाजी रोफिक गुडघ्याचं सांगून वारसितीच्या पोत्यांबरोबर भाड्याच्या गाडीतून गेले. जाताना वारसितीने विचारलं, पाय ठेवायला जागा मिळाली का?

मी आणि बैल चालत निघालो. ऊन, उपवास, नऊ किलोमीटर, आणि चढ. तो पुढे, मी मागे. वाटेत बाजारातून परतणारे लोक ओलांडून जात होते. कोणी ओरडलं, ओ मोहवाले! मी हात हलवला. मग दोन बकरीवाले एकमेकांचा निरोप घेत होते, एक म्हणाला, चल, भेटू पोनला.

मी थांबलो. बैल थांबला नाही, त्यात हात सोलला.

मंगळवार, रविवार, शुक्रवार, बुधवार, सोमवार, शनिवार, आज गुरुवार. दर खेपेला पोन. दर खेपेला वारसिती घरी नाही. दर खेपेला चूल गार. आणि ज्या नावाने मला अख्खं ऑफिस हाक मारतं ते नाव.

रस्त्याच्या कडेला बैलाच्या सावलीत बसलो आणि वरच्याचे आभार मानले. कारण इतकी गुंतागुंतीची गोष्ट माझ्याआधी कोणालाच दिसली नव्हती.

६ जून, शुक्रवार वागे

ईद. बैल अतिशय शांतपणे गेला. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहू शकलो नाही, काल नऊ किलोमीटर एकत्र होतो. साऱ्या गल्लीत वाटे गेले. आजीबाईंना नळीचं हाड. त्यांनी ते उचलून मला लांबून दाखवलं.

हाजी रोफिक यांनी सर्वांसमोर सांगितलं की पोनिदीने शब्द पाळला, पायी पाळला. मर्यादा उघडली, कास्दीचे पैसे गेले.

७ जून, शनिवार क्लिवोन

बू हस्तुतींचा फोन. बिल बरोबर एक तृतीयांशाने खाली, अगदी केसभरही इकडेतिकडे नाही. काल-परवाच्या बंदमध्ये आपलं जे कमिशन बुडालं त्यात किती बैल आले असते, तेही त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, असू दे. मग पुन्हा, असू दे, पाक.

दोनदा! एवढं समाधान त्यांच्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. तियुर्मा तोंडावर हात ठेवून खोलीबाहेर गेली.

८ जून, रविवार लेगी

तियुर्माला घरी बोलावून शोध सांगितला. कागदावर पाच वार काढून दाखवले. ती बराच वेळ गप्प. बातक माणूस गप्प बसला म्हणजे घटना मोठी. मग म्हणाली, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं? म्हटलं, माहीत असणं वेगळं आणि कळणं वेगळं. म्हणाली, आणि तुमच्या नावात आहे? म्हटलं, ते योगायोगाने.

यंत्राला सात वारांचाच आठवडा कळतो. तिने बसून पाचाचा शिकवला. आता दर पोनला पहाटे चारपासून दुप्पट सर्व्हर तयार. वर्षभराचे एकदम सांगितले, सर्वांत स्वस्त. आधीचे पाच वार अजून दोन महिने रद्द होत नाहीत, त्यांचं भाडं चालू राहील. पण सत्य हाती आल्यावर लहानसहान गोष्टींकडे बघू नये. पहिली परीक्षा परवा. परवा माझा जन्मवारही. योग बघा.

वारसितीला एकदा विचारून घ्यावं, असं क्षणभर वाटलं. पण तिला क्लाउडमधलं काय कळणार.

९ जून, सोमवार पाहिंग

ईदचे दिवस, म्हणून आज उपवास नाही. ऑनलाइन वर्गाचा पहिला धडा वाचला. बरोबर लिहिलंय त्यांनी. मीच लिहिल्यासारखं.

१० जून, मंगळवार पोन

पहाटे चारला उठलो. मोटरसायकल आणायची आणि सगळा बाजार एकाच वेळी फोन काढतो ते डोळ्यांनी बघायचं. वारसिती अजून झोपलेली. उशीर होईल म्हणून हाक मारणार होतो. मग म्हटलं, ईदची थकली असेल, झोपू दे. हळूच दार ओढून चालत निघालो. या वेळी पुढे बैल नसल्याने रस्ता लांब वाटला.

मैदान रिकामं. खुंट होते, खुंटांना काही नव्हतं. फाटकाशी वारसितीची जागा झाडलेली. कास्दी नाही, गाडी नाही. एक कोंबडी मैदान ओलांडून गेली. वाटलं, मी फार लवकर आलो. सात वाजले. आठ वाजले. अ‍ॅप उघडलं, पुन्हा उघडलं.

तियुर्माचा फोन. म्हणाली, पाक, दुप्पट सर्व्हर पहाटेपासून उभे आहेत आणि सगळ्या अ‍ॅपवर एकच माणूस आहे. तो दर मिनिटाला बैलांचे भाव उघडतोय. बहुतेक वेडा आहे. म्हटलं, असेल.

घरी पोचलो तर वारसिती दारात. कुठे होतात? खीर करून कधीची वाट बघतेय. म्हटलं, फिरायला. म्हणाली, कुठपर्यंत? मी सांगितलं. ती खांबाला टेकली. म्हणाली, अहो, ईदनंतरच्या पहिल्या पोनला बाजार असतो का कधी? गुरं उरतात कुठे विकायला? म्हणून तर आज निवांत उठले, म्हटलं, एकदा तरी तुम्हाला गरम घालावी.

खीर गार झाली होती. सगळी खाल्ली.

गाडी पुढच्या पोनला.